मोटारीचे लोंबलेले अस्तर आणि त्याचा इलाज

मोटार जुनी होऊ लागली म्हणजे यंत्रातील बिघाड प्रथम कानांना कळतो आणि पत्र्यावरील गंज डोळ्यांना. छताच्या आतील अस्तराने जागा सोडली, की त्याची वर्दी मात्र बहुधा मागच्या आसनावर बसलेल्या उंच पाहुण्याच्या डोक्याला मिळते. आरंभी मागच्या काचेजवळ किंवा आतल्या दिव्याच्या भोवती तळहाताएवढा फुगा दिसतो. तो दाबला असता बसतो आणि हात काढताच पुन्हा उतरतो. मध्ये एखादा उन्हाळा आणि एखादा पावसाळा गेला, की तोच फुगा पसरत पसरत पुढच्या आसनांपर्यंत येतो, आणि मग खिडक्या उघड्या टाकून महामार्गावर गाडी नेली असता कापड वाऱ्याने फडफडू लागून आरशातून मागचे काही दिसेनासे होते. येथवर मामला आला म्हणजे तो केवळ शोभेचा राहत नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नूतनीकरणास येते, त्या सुमारास इंजिन, ब्रेक आणि टायर यांवर मालक मुकाट्याने खर्च करतो, पण ज्या अस्तराखाली बसून त्याला पुढची पाच वर्षे काढावयाची असतात, त्याची तरतूद करण्याचे त्याला सुचत नाही.

या दुखण्यावर लोकांत जे उपाय प्रचलित आहेत त्यांपैकी बहुतेकांची मुदत आठ-पंधरा दिवसांची असते. कोणी कापडाला रंगीत टाचण्या मारतो, कोणी कचेरीतील स्टेपलर उघडून त्याच्या पिना छतात ठोकतो, कोणी इंजेक्शनच्या सुईने कापडामागे गोंद सोडतो, तर कोणी घरातील पांढऱ्या फेविकॉलची बाटली कामाला लावतो. पैकी टाचण्यांबद्दल माझी तक्रार नाही. लांबच्या प्रवासाला निघावयाचे आहे आणि कापड आरशाआड येत आहे, अशा अडचणीच्या वेळी सोफ्याच्या कव्हरांसाठी मिळणाऱ्या पिळाच्या टाचण्या ओळीने लावून वेळ निभावून नेण्यास काहीच हरकत नाही. सुईने सोडलेला गोंद मात्र निखालस अपायकारक होय. तो कापडातून पाझरून दर्शनी बाजूस डाग पाडतो, मागच्या बाजूस कडक गाठी धरतो, आणि पुढे कधी खरी दुरुस्ती करावयास घेतली म्हणजे त्या गाठी खरवडताना मूळ पायाच उचकटून निघतो. पांढरा गोंद लाकडाकरिता उत्तम आहे. परंतु तो पाण्यात कालवलेला असल्यामुळे कापडात मुरतो, तापलेल्या छताखाली मऊ पडतो आणि दमट हवेत पुन्हा ओलावा धरतो. छतासाठी तो वापरणे म्हणजे त्या गोंदावरच अन्याय करणे आहे.

हे सारे उपाय एकाच गैरसमजातून निघतात. अस्तर सुटले याचा अर्थ गोंद सुटला, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः बहुतेक गाड्यांत गोंद जागच्या जागी शाबूत असतो आणि नाश पावलेले असते ते निराळेच द्रव्य. भारतात मोटारउद्योगावरील परवान्याचे निर्बंध १९९३ साली उठल्यानंतर ज्या नव्या बनावटीच्या गाड्या रस्त्यावर आल्या, त्यांपैकी बहुतेकांच्या टपाखाली साच्यात दाबून घडवलेला एक अखंड ताव असतो. कारागीर त्याला नुसते बोर्ड म्हणतात. हा बोर्ड कधी काचतंतूंचा, कधी दाबलेल्या पुठ्ठ्याचा, तर कधी कडक फोमचा असतो. त्याला जे कापड चिकटवलेले असते त्याच्या पाठीला सुमारे तीन मिलिमीटर जाडीचा मऊ फोमचा थर कारखान्यातच जोडलेला असतो. म्हणजे बोर्ड, गोंद, फोम आणि कापड असा हा चार थरांचा संसार आहे, आणि त्यातला फोम हा सर्वांत अल्पायुषी सभासद.

हा फोम पॉलियुरेथेनचा. ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९३७ साली लेव्हरकुसेन येथे ज्या रसायनक्रियेचा शोध लावला, तिच्यातूनच पुढे गाद्या, आसने, बुटांचे तळवे आणि मोटारींची अस्तरे यांना पुरणारे हे द्रव्य निपजले. त्याच्या एका जातीत हवेतील बाष्प शिरून रेणूंच्या साखळ्या तोडते. दुसरी जात पाण्याला त्या मानाने दाद देत नाही, पण उष्णता, प्रकाश आणि प्राणवायू यांपुढे तीही कालांतराने हार खाते. माळ्यावर चार-पाच वर्षे ठेवलेले गिर्यारोहणाचे बूट काढून कोणी राजगडाची वाट धरतो आणि अर्ध्या चढावर बुटाचा तळवा चुरा होऊन गळून पडतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आता विदर्भातील मे महिना डोळ्यांपुढे आणावा; बाहेर तपमान ४५ अंशांवर असते, टपाचा पत्रा हात लावू देत नाही, आणि त्या पत्र्याच्या खाली अवघ्या दोन बोटांवर हा फोम दिवसभर भाजत राहतो. कोकणात उष्णता कमी, तर चार महिने बाष्पाचे साम्राज्य. दोन्हीकडे परिणाम एकच: फोमचा पिवळट-तपकिरी, किंचित चिकट भुसा होतो, कापडाला धरून ठेवणारे काही उरत नाही, आणि ते स्वतःच्या भाराने खाली येते. म्हणून जुने कापड नव्या गोंदाने पुन्हा चिकटवणे सर्वस्वी व्यर्थ आहे, कारण तो गोंद भुशाला चिकटतो आणि भुसा कशालाच चिकटलेला नसतो. कापड नवे, फोमसह नवे, आणि जुन्या फोमचा मागमूस उरणार नाही इतकी बोर्डाची सफाई, एवढेच या दुरुस्तीचे खरे सूत्र होय. आणि त्यातही कापड विकत मिळते, सफाई मात्र हातांनीच करावी लागते.

कामाला हात घालण्यापूर्वी ऋतूचा विचार करावा. रबराच्या जातीच्या गोंदातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि हवा दमट असेल तर त्या थंड पृष्ठभागावर बाष्प साचून गोंदावर पांढुरकी साय धरते. अशा गोंदाची पकड अर्धीमुर्धीच राहते. याउलट भर दुपारच्या कडक उन्हात गोंद बोर्डावर पोहोचण्यापूर्वीच वाळू लागतो आणि त्याचे कोरडे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात. दिवाळीनंतरचा कोरडा काळ, सकाळी दव ओसरल्यानंतरची वेळ आणि वाहती हवा असलेली सावलीची जागा हा योग सर्वांत उत्तम. कोकणपट्टीत राहणाऱ्यांनी तर मृगाच्या आधी काम उरकले नाही, तर ते सरळ दसऱ्यापर्यंत तहकूब ठेवावे.

कापड निवडताना काटकसर कोठे करावयाची नाही, हे ध्यानात असू द्यावे. पडद्याचे किंवा सोफ्याचे कापड स्वस्त पडते, दिसतेही बरे. परंतु त्याच्या पाठीला फोम नसल्यामुळे बोर्डावरील प्रत्येक ओरखडा आणि गोंदाचा प्रत्येक ठिपका दर्शनी उमटतो, आणि ते चहूकडे ताणले जात नसल्यामुळे दिव्याच्या खोलगट भागात चुण्या पडल्यावाचून राहत नाहीत. शिवाय मोटारीच्या आतील वस्तू आग किती वेगाने पुढे नेतात यावर कायद्याची नजर असते. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरहून अधिक असता कामा नये, आणि आपल्याकडेही आयएस १५०६१ या क्रमांकाचे मानक याच विषयासाठी आहे. सोफ्याच्या कापडाने अशी कोणतीही परीक्षा दिल्याची खात्री नसते. तेव्हा मोटारीच्या छतासाठीच विणलेले, फोम जोडलेले कापड मागावे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता किंवा ऑपेरा हाऊसचा परिसर, पुण्यात नाना पेठ, अशा मोटारींच्या सामानाच्या बाजारांत चौकशी केली, की सीटकव्हरवाल्यांपर्यंत आणि त्यांच्याकडून अशा कापडापर्यंत वाट सापडते. पन्हा सामान्यतः ५४ किंवा ६० इंचांचा असतो. चार दारांच्या मध्यम गाडीला दोन मीटर लांबी बहुधा पुरते, पण बोर्डाची वळणे धरून टेपने मापावे, आणि प्रत्येक बाजूस चार-पाच इंच जादा धरून वर अर्धा मीटर आणखी घ्यावे. या अर्ध्या मीटरचा उपयोग पुढे येईल.

रंगाच्या बाबतीत हल्ली काळ्या छताची हौस फार बोकाळली आहे. ज्याची त्याची आवड. परंतु लहान गाडीत काळे छत डोक्यावर उतरल्यासारखे वाटते, आणि आपल्या उन्हाच्या देशात मूळ उत्पादकांनी राखाडी किंवा बदामी छटा निवडली होती ती काही रंगांच्या टंचाईमुळे नव्हे. कापडाला लव असल्यास तिची दिशा पुढून मागे ठेवावी, आणि दुकानातील दिव्याखाली न पाहता बाहेर उजेडात नेऊन जुन्या कापडाच्या तुकड्याशी रंग ताडून पाहावा.

गोंद हा रबराच्या जातीचा आणि उष्णता सोसणारा असावा. दोन्ही पृष्ठभागांना लावून थोडा वाळू द्यावयाचा आणि मग एकमेकांवर टेकवायचा, अशा प्रकारचा गोंद कुशनवाले डब्यातून आणून ब्रशने किंवा स्प्रे गनने मारतात. बोलताना ते त्याला सोल्यूशन म्हणतात. दाबाच्या डब्यात मिळणारे फवाऱ्याचे गोंदही आहेत, पण कागद आणि पुठ्ठा चिकटवण्यासाठी बनवलेले साधे फवारे छताच्या उष्णतेत मऊ पडतात आणि पहिल्याच एप्रिलमध्ये केलेले काम परत खाली घेऊन येतात. डब्यावर मोटारीच्या छताचा किंवा अधिक उष्णतेचा स्पष्ट उल्लेख असेल, तरच तो घ्यावा. हे सर्व द्रव अत्यंत ज्वालाग्राही असतात आणि त्यांच्या वाफांनी डोके जड होते. बंद गाडीत किंवा बंद खोलीत ते फवारू नयेत. जवळ बिडीकाडी, शेगडी, देवापुढचे निरांजन यांपैकी काहीही पेटते नसावे. आणि नाकावर नुसता रुमाल न बांधता रासायनिक वाफ अडवणारा मुखवटा चढवावा.

आता बोर्ड उतरवण्याचे काम. आरंभ बॅटरीची ऋण तार सोडण्यापासून करावा. ज्या गाड्यांच्या दारांवरील कडेत पडद्यासारख्या हवेच्या पिशव्या बसवलेल्या असतात, आणि त्याची खूण खांबांच्या आवरणावर एअरबॅग अशा अक्षरांनी केलेली असते, तेथे तर उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबल्याखेरीज त्या आवरणांना हात लावू नये. आणि पुस्तिका हाती नसेल तर हे काम जाणत्या मिस्त्रीवर सोपवावे, कारण तेथील चूक अस्तरापुरती मर्यादित राहत नाही. साध्या गाडीत ही भीती नाही. सन व्हायझर, आतला दिवा, प्रवाशांच्या पकडी, कपड्यांचे आकडे, खांबांची आवरणे आणि दारांच्या कडेचे रबरी बीडिंग एवढ्या वस्तूंनी बोर्ड धरून ठेवलेला असतो. पकडींचे स्क्रू छोट्या झाकणांखाली दडलेले असतात. ती झाकणे स्क्रू ड्रायव्हरने न उचकटता प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने उचलावी, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत पटकन तुटतात, म्हणून गाडी थोडी उन्हात ठेवून मग त्यांना हात लावणे श्रेयस्कर. तरीही काही तुटतीलच, त्या बाजारात सहज मिळतात. प्रत्येक जागचे स्क्रू निराळ्या डबीत घालून तीवर नाव लिहावे आणि प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे, कारण परत जोडताना आपली स्मृती नेमकी दिव्याच्या तारांपाशी दगा देते.

शेवटची क्लिप निघण्यापूर्वी गाडीत दुसरा माणूस बसलेला हवा, नाही तर बोर्ड एकदम डोक्यावर येतो. पुढच्या आसनांच्या पाठी पूर्ण मागे टाकाव्या, शक्य असल्यास एक आसन काढूनच ठेवावे. मागे उघडणारे मोठे दार असलेल्या गाडीतून बोर्ड सरळ मागून निघतो. डिकी निराळी असलेल्या गाडीत तो तिरपा करून पुढच्या डाव्या दारातून काढावा लागतो. या क्षणी मनुष्याला घाई होते आणि थोडा वाकवला तर निघेल असा मोह पडतो. तो आवरावा. बोर्ड लवतो तेवढाच लवू द्यावा. एकदा मोडीची रेघ पडली की ती नव्या कापडाखालूनही दिसत राहते.

बोर्ड बाहेर येऊन दोन स्टुलांवर किंवा जुन्या चादरीवर पसरला, की जुने कापड एका ओढीत निघून येते, आणि येथे पुष्कळ लोकांचा असा समज होतो की अर्धे काम झाले. खरे तर आत्ता कोठे ते सुरू झालेले असते. बोर्डावर फोमची जी पिवळी साल राहते ती कोठे कोरडी आणि भुरभुरीत, तर कोठे मधासारखी चिकट असते, आणि नवा गोंद या सालीवर मारला तर जुन्या अस्तराचे जे झाले तेच नव्याचे होणार हे निश्चित. वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर जुने कपडे, डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला धूळ अडवणारा मुखवटा लावून, कपडे धुण्याच्या नायलॉनच्या ताठ ब्रशाने एका दिशेने घासत जावे. तारेचा ब्रश वापरू नये. तो फोमबरोबर बोर्डाचा पृष्ठभागही ओरबाडतो. बोर्ड काचतंतूंचा असेल तर त्याचे सूक्ष्म तंतू हाताला लागून रात्रभर खाज सुटते, तेव्हा हातमोजे आणि लांब बाह्या हव्यातच. पाणी किंवा थिनर यांची मदत घेण्याचा विचार मनात आणू नये, कारण पुठ्ठ्याचा बोर्ड पाण्याने फुगतो आणि थिनरने जुना गोंद विरघळून सगळीकडे माखला जातो. ब्रशानंतर ऐंशी किंवा शंभर नंबरचा सँडपेपर हलक्या हाताने फिरवावा, व्हॅक्यूम क्लिनर किंवा हवेचा फवारा मारून धूळ काढावी, आणि मग काळ्या कापडाचा तुकडा बोर्डावरून ओढून पाहावा. त्यावर पिवळी भुकटी दिसली तर पुन्हा ब्रश हाती घ्यावा. दिव्याच्या आणि व्हायझरच्या खाचा हाताच्या बोटांनी चाचपून साफ कराव्या, कारण नवे कापड प्रथम सुटते ते तेथेच. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला दोन-तीन तास लागतात. कारागिराने अंगावर घेतलेल्या कामात जर कोठे पाणी मुरत असेल, तर ते याच टप्प्यावर. म्हणून वाचकांपैकी ज्यांना केवळ एकच टप्पा स्वतः करावयाचा असेल, त्यांनी हा करावा आणि बाकीचे कुशनवाल्याला द्यावे, असे मी सुचवीन.

बोर्ड उघडा असताना त्यावर तपकिरी कडांचे डाग दिसतात का, ते पाहावे. असे डाग पाण्याची साक्ष देतात. एरियलच्या बुडाचे कुजलेले रबर, टपावर कधीकाळी बसवलेल्या कॅरियरची भोके, पुढच्या काचेच्या रबराची फट, किंवा सरकते काचछत असल्यास त्याच्या तुंबलेल्या नळ्या, यांपैकी कोठून तरी पाणी येत असते. मोकळ्या टपावर बाहेरून पाण्याचा पाइप धरून आत एकाने विजेरी घेऊन बसावे, म्हणजे गुन्हेगार सापडतो. गळतीचा निकाल लागल्याशिवाय नवे अस्तर चढवू नये. बोर्डाला तडा गेला असल्यास तो मागच्या बाजूने काचतंतूंचे कापड व रेझिन लावून सांधावा, आणि टपाच्या पत्र्याला आतून गंज धरला असेल तर खरवडून त्यावर गंजरोधक रंगाचा हात द्यावा. ही संधी पुन्हा पंधरा वर्षे येणार नाही.

चिकटवण्याच्या कामी घाई आणि बळ ही दोन्ही घातक आहेत. प्रथम कापड कोरडेच बोर्डावर अंथरून मध्यरेषा जुळवावी, चारी कडांना सारखे शिल्लक राहते याची खात्री करावी, आणि मग पुढचा अर्धा भाग अलगद मागे दुमडावा. उघड्या पडलेल्या बोर्डाला आणि कापडाच्या फोमला, अशा दोन्ही पृष्ठभागांना गोंदाचा समान पातळ थर द्यावा. पुठ्ठ्याचा बोर्ड गोंद पिऊन टाकतो, म्हणून त्याला पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा लागतो. फोमवर मात्र हात हलका असावा, कारण जादा द्रावकाने फोम बसतो आणि ती जागा पुढे कायमची खोलगट दिसते. आता थांबावयाचे. बोट टेकवले असता गोंद चिकट लागावा पण बोटाबरोबर तार येऊ नये, ही अवस्था आली म्हणजे वेळ झाली. हवामानाप्रमाणे तिला दहा-पंधरा मिनिटे लागतात. ओल्या गोंदावर कापड टाकले तर द्रावक आत कोंडून बुडबुडे धरतात, आणि फार वाळला तर पकडच बसत नाही.

मग मध्यापासून पुढे, तळहाताने, एका वेळी चार-सहा बोटे कापड खाली सोडीत जावे. बोर्ड जेथे आत वळतो अशा खोलगट जागी कापड आधी तळाला टेकवावे आणि मगच कडेकडे न्यावे. या एका सूचनेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जितकी अस्तरे पुन्हा सुटतात, तितकी बहुधा निकृष्ट गोंदामुळेही सुटत नसावीत. कारण खोलगटाच्या वरून ताठ ओढलेले कापड प्रत्येक तापलेल्या दुपारी सरळ होऊ पाहते आणि हळूहळू गोंदाला उचलून आणते. सुरकुती पडली तर ताबडतोब, गोंद कोवळा असतानाच, तेवढा भाग हळुवार उचलून पुन्हा बसवावा. लाटणे किंवा रूळ फिरवून दाबू नये, फोम चेपतो. पुढचा अर्धा झाला, की मागचा त्याच रीतीने करावा. कडा सर्वांत शेवटी: बोटभर कापड मागे वळवून चिकटवावे, कोपऱ्यांवर पाकळ्यांसारख्या चिरा देऊन चुण्या टाळाव्या, आणि जेथे कडेवर बीडिंग बसणार आहे तेथे कापड वळवून जाडी वाढवू नये. मग बोर्ड रात्रभर सावलीत सपाट पडू द्यावा.

दिवा, व्हायझर आणि पकडी यांची छिद्रे मागच्या बाजूने चाचपून नव्या ब्लेडने फुलीच्या आकारात कापावी आणि पाकळ्या आत वळवाव्या. गोल तुकडा कापून काढण्याचा मोह धरू नये, कारण झाकणाच्या कडेबाहेर गेलेला काप पुन्हा भरून येत नाही. बोर्ड आत घेताना हात स्वच्छ धुतलेले असावे. फिकट कापडावर ग्रीसचा एक अंगठा उमटला तर सगळ्या श्रमांवर पाणी पडते. सर्व छिद्रे जुळेपर्यंत कोणताही स्क्रू पूर्ण आवळू नये. बीडिंग बसले, तारा जोडल्या, बॅटरी लागली आणि दिवा पेटला, की पुढचा एक दिवस गाडी सावलीत, काचा थोड्या उघड्या ठेवून उभी करावी, म्हणजे गोंदाचा वास निघून जातो. आता तो राखून ठेवलेला अर्धा मीटर: नवे छत पाहिले, की जुने व्हायझर आणि कापडी खांब एकाएकी मळकट दिसू लागतात, त्यांना याच कापडाने मढवावे.

याहून जुन्या, म्हणजे अॅम्बेसेडरच्या पिढीच्या गाड्यांचा प्रकार अगदी वेगळा आहे. त्यांत बोर्ड नसतो; रेक्झिनच्या किंवा कापडाच्या पाठीला शिवलेल्या नळ्यांतून पोलादी सळ्यांच्या कमानी ओवलेल्या असतात, आणि चारी कडांनी ते अस्तर ताणून चिकटवलेले असते. येथे फोमचा प्रश्न नाही. शिवण उसवते, रेक्झिन तडकते किंवा कडेचा गोंद सुटतो. प्रत्येक कमानीची वक्रता थोडी निराळी असल्यामुळे काढतानाच त्यांना क्रमांक घालावे लागतात, आणि पुष्कळ गाड्यांत अस्तराची कड पुढच्या काचेच्या रबराखाली दडलेली असल्याने काच काढण्यापर्यंत मजल जाते. जुन्या अस्तराची शिवण उसवून त्याच्याच मापाने नवे बेतणे आणि ते किंचित उन्हात तापवून मध्यापासून कडांकडे ताणणे ही शिंप्याची आणि कुशनवाल्याची संयुक्त विद्या आहे. हौशी माणसाने तीत पडू नये. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेल्या, तोवर त्यांच्या छतांना फुलापानांच्या, भडक नक्षीच्या रेक्झिनने नटवण्याचा एक स्वतंत्र व्यवसायच त्या शहरात नांदत होता, आणि २०१५ मध्ये टॅक्सी फॅब्रिक या उपक्रमाने तर तरुण चित्रकारांकडून त्या छतांसाठी खास आकृतिबंध काढून घेतले होते. तसे काम जाणणारे हात अजून आहेत. जुन्या गाडीच्या मालकाने त्यांचा शोध घ्यावा.

काम कारागिरावर सोपवणाऱ्यांनी दर ठरवण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्या. बोर्ड गाडीबाहेर काढून करणार की आतच, हा पहिला प्रश्न. आतच करतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावे. जुना फोम पूर्ण काढणार का, आणि सफाई झाल्यावर, गोंद लावण्यापूर्वी, बोर्ड पाहावयास बोलावणार का, हा दुसरा. कापडाच्या पाठीचा फोम आणि गोंदाचा डबा आपल्या डोळ्यांनी पाहावा. गाडी ताब्यात घेताना सर्व दिवे लावून, व्हायझर खालीवर करून, प्रत्येक पकडीला हिसका देऊन पाहावे आणि उरलेल्या स्क्रूंची पुडी हाती ठेवली गेली तर ते कोठले, हे तेथेच विचारावे. शक्य झाल्यास थोडी रक्कम बाकी ठेवण्याचा करार आधीच करावा, आणि गोंद पुरता वाळण्यास आठवडाभर देऊन, दोन दुपारी गाडी रणरणत्या उन्हात काचा बंद करून उभी केल्यावर, दिव्याच्या आणि मागच्या काचेच्या आसपास बोटे फिरवून मगच ती चुकती करावी.